तीच गाठ

बाल्कनी चार मीटर बाय दीड, पाचव्या मजल्यावर,
कोत्का नावाच्या गावात, जिथून फिनलंडचं लाकूड
जहाजात बसून दुसऱ्यांची घरं व्हायला जातं.

राइवो एस्तोनियाचा. सोमवारी बोटीनं येतो, शुक्रवारी बोटीनं परत.
त्यानं गठ्ठ्याची पट्टी कापली,
एक फळी टोकाकडून धरून दाखवली :
आत चौकोनी खोल्या, ओळीनं, रिकाम्या,
जणू बांधून झाली नि कुणी राहायलाच आलं नाही.

ताइस्तोनं ती हातात घेतली
(डाव्या हाताची दोन बोटं गिरणीनं ठेवून घेतली, एकोणसत्तर साली)
आणि हुंगली. पुन्हा हुंगली.
चाळीस वर्षं डोळे मिटून पाइन की स्प्रूस ते सांगणारा माणूस
म्हणाला, "कुणीच नाही इथं."

"तुला वास घ्यायचाय," आउलिक्की आतून,
"की मला चालायचंय?"

जुन्या फळ्या पाइनच्या होत्या, त्यानंच रंधलेल्या.
दर मे महिन्यात तेल, दर ऑगस्टात
तिच्या तळव्यात एक कुसळ.
मग स्वयंपाकघरातला दिवा खाली ओढायचा,
सुई काडीवर धरायची,
तिचा पाय त्याच्या मांडीवर.
दोघांपैकी कुणीच कधी फारसं बोलणारं नव्हतं.
पन्नास वर्षांच्या संसारात त्यानं तिचा पाय
एवढ्या वेळा हातात घेतला,
तो त्या फळ्यांच्या कृपेनं.

गेल्या वर्षी कुसळ रुतलं आणि तिला कळलंच नाही.
साखर. पावलं बधिर.
तीन आठवड्यांनी मोज्याला डाग दिसला,
मग दवाखाना, मग डॉक्टरीण म्हणाली ते सगळं.
म्हणून या फळ्या. यांना कुसळ नसतं, तेल लागत नाही,
कुजत नाहीत, कुरकुरत नाहीत.
एवढे "नाही" असलेली वस्तू
ताइस्तोनं आजवर घरात आणली नव्हती.

दुपारी कॉफी पिताना राइवोनं कागद वाचला :
साठ टक्के भुसा, बाकी प्लॅस्टिक, चिमूटभर रंग.
"भुसा?"
"भुसा."
ताइस्तो बराच वेळ कपाकडे बघत राहिला.
भुसा कुणी मोजायचं नाही गिरणीत.
मागच्या अंगणात त्याचे डोंगर असत, पोरं घसरगुंडी खेळत.
सदऱ्यात भुसा, कानात भुसा, अंथरुणात भुसा;
ही दारातच त्याला झटकायची,
गालिचा झटकावा तशी, दोन्ही हातांनी, रागावून.

संध्याकाळपर्यंत जमीन झाली.
भिंतीपाशी बोटाएवढी फट सोडली राइवोनं,
"उन्हात ही फुगते, जागा लागते तिला."
"माणसासारखीच," आउलिक्की म्हणाली,
आणि त्याला मनुकांचा पाव बांधून दिला बोटीसाठी.

रात्री ताइस्तो टॉर्च घेऊन वाकला.
तिसऱ्या फळीवर एक गाठ होती, बदामी, जराशी तिरकी.
सातवीवर तीच. अकरावीवर तीच.
एकाच झाडाची एकच गाठ, साच्यात पकडलेली,
सगळीकडे उमटवत बसलेली.
त्याला हसू आलं. मग आलं नाही.

जूनचं ऊन इथं रात्री अकरालाही मावळत नाही.
करड्या फळ्या तव्यासारख्या तापतात,
हे कागदावर होतं, बारीक अक्षरात.
कुसळ न कळणाऱ्या पावलांना
चटकाही कळणार नाही,
हे कागदावर नव्हतं.

आता रोज दुपारी ती उंबऱ्यात थांबते, अनवाणी, हट्टानं.
तो गुडघे मोडून खाली बसतो, कण्हत,
तीन बोटांचा हात त्या गाठीवर ठेवतो,
मनात वीस मोजतो.
कधी मगभर पाणी ओततो, पुन्हा मोजतो.
खाली बंदरात भोंगा होतो.

"ये," म्हणतो,
आणि हात लगेच उचलत नाही.